आउटफिल्डर कसा घडतो : बेसबॉलमधील एका जागेची मीमांसा

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणारे नऊ जण असतात. त्यांतले तिघे, म्हणजे लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्डर, बेसच्या चौकोनापलीकडच्या विस्तीर्ण हिरवळीची राखण करतात. या तिघांना मिळून आउटफिल्डर म्हणतात. व्याख्या एवढीच आहे. विवेचन करण्यासारखा प्रश्न निराळा आहे : हा खेळाडू तयार कुठे होतो?

माझे प्रतिपादन असे, की अव्वल दर्जाचा आउटफिल्डर पुष्कळदा आउटफिल्डमध्ये वाढलेला नसतो. लहानपणी तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, किंवा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, असतो. पुढे कोणीतरी त्याला तिथून हलवते, आणि या हलण्यातूनच त्याची बढती होते. हे हलणे पचवायला वेळ लागतो. जी व्यवस्था तो वेळ देते तिच्यात आउटफिल्डर घडतात. लॉस एंजेलिस एंजल्सचा माइक ट्राउट हे या सिद्धान्ताचे माझ्या मते सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे, म्हणून त्याचाच प्रवास मुख्य आधार म्हणून घेतला आहे.

जागांची उतरंड आणि तिचे उलटणे

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलचा साचा लिटल लीगने घालून दिला. पेनसिल्वेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात 1939 मध्ये ही संस्था सुरू झाली. तिच्या मैदानावर दोन बेसमधले अंतर 60 फूट असते आणि पिचर 46 फुटांवरून चेंडू टाकतो. व्यावसायिक खेळात हीच अंतरे 90 फूट आणि 60 फूट 6 इंच होतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या अंगात चेंडू दूरवर उंच मारण्याइतके बळ नसते, त्यामुळे जे काही घडते ते पिचर, कॅचर आणि इनफिल्डच्या आसपास घडते. संघातल्या प्रत्येक मुलाला खेळवण्याचे बंधन असते, म्हणून प्रशिक्षक कच्च्या मुलाला राइट फील्डमध्ये उभा करतो. तिथे चेंडू क्वचितच जातो. चपळ, बळकट हाताचा मुलगा शॉर्टस्टॉपला जातो किंवा पिचर होतो. प्रत्येक गावातला सर्वोत्तम मुलगा शॉर्टस्टॉप असतो, तो यामुळे.

व्यावसायिक मैदानावर हे चित्र पार बदलते. सेंटर फील्डची भिंत सुमारे 400 फुटांवर असते, हिटर प्रौढ असतात, आणि हिरवळीच्या मध्यभागी संघातला सर्वांत वेगवान माणूस लागतो. बिल जेम्स या अभ्यासकाने क्षेत्ररक्षणाच्या जागा सोप्याकडून अवघडाकडे अशा एका ओळीत मांडल्या : फर्स्ट बेस, लेफ्ट फील्ड, राइट फील्ड, थर्ड बेस, सेंटर फील्ड, सेकंड बेस, शॉर्टस्टॉप. त्याचे निरीक्षण असे, की खेळाडू कारकिर्दीत अवघड जागेकडून सोप्या जागेकडे सरकतात. उलट दिशेने जाणारे फार थोडे. थोडक्यात, वरच्या स्तरावरच्या सेंटर फील्डरचा साठा म्हणजे गावोगावचे शॉर्टस्टॉप.

इतिहास हेच सांगतो. मिकी मँटल मायनर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगखालच्या व्यावसायिक स्तरांवर, शॉर्टस्टॉप होता आणि त्याच्या हातून चुकांचा नुसता पाऊस पडे. 1951 मध्ये व्यवस्थापक केसी स्टेंगेलने त्याला यांकीजच्या राइट फील्डमध्ये नेले, कारण सेंटरला तेव्हा जो डिमॅजिओ उभा होता. हँक आरन 1953 मध्ये जॅक्सनव्हिलला सेकंड बेसवर खेळत होता. मूकी बेट्सही सेकंड बेसमन. बोस्टनमध्ये ती जागा डस्टिन पेड्रोयाकडे होती, म्हणून 2014 मध्ये तो आउटफिल्डमध्ये आला. इचिरो सुझुकी शाळेत पिचर होता. या नावांतले एकही लहानपणी 'आउटफिल्डर' म्हणून निवडले गेलेले नाही.

उंच चेंडूचे शास्त्र

मग जागा बदलून जमते कशी? आउटफिल्डचे काम म्हणजे उंच चेंडूखाली पोहोचणे, आणि त्याची उकल भौतिकशास्त्र व मानसशास्त्र या दोन्ही बाजूंनी झाली आहे. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण प्रेक्षकांना वाटते की खेळाडू चेंडू पडण्याची जागा हेरतो आणि तिकडे धावतो. तसे होत नसावे, हे सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवले. क्षेत्ररक्षकाच्या डोळ्यापासून चेंडूकडे एक रेषा काढली आणि तिचा जमिनीशी होणारा कोन पाहिला, तर त्या कोनाची स्पर्शज्या, म्हणजे चेंडूची उंची भागिले आडवे अंतर, एकसारख्या गतीने वाढत असताना खेळाडू योग्य ठिकाणी उभा असतो. वाढीचा वेग वाढू लागला तर चेंडू डोक्यावरून जाणार. मंदावला तर पुढ्यात पडणार. हवेचा विरोध चॅपमनने हिशेबात धरला नव्हता, पण युक्तीचा गाभा टिकून राहिला. खेळाडू गणित करत नाही. डोळ्याला जाणवणारे ते त्वरण शून्यावर राहील अशा बेताने तो पाय हलवत राहतो.

1995 मध्ये मॅकबीथ, शॅफर आणि कायझर यांनी दुसरी उपपत्ती मांडली. चेंडू बाजूला जात असेल तर क्षेत्ररक्षक असा धावतो की पार्श्वभूमीवर चेंडूची प्रतिमा सरळ रेषेत चढताना दिसावी. दोन्ही उपपत्तींवर वाद आहेत, पण त्यांच्यामुळे आउटफिल्डरांचा एक जुना अनुभव समजतो : थेट अंगावर येणारा फटका सर्वांत फसवा. त्यात बाजूच्या हालचालीची खूण मिळत नाही, उरतो फक्त वर चढण्याचा वेग, आणि तो ओळखेपर्यंत पहिले पाऊल चुकीचे पडलेले असते.

या पहिल्या पावलावर माझा सगळा भर आहे. 2015 पासून मेजर लीगच्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा प्रत्येक हालचाल मोजते. आउटफिल्डरच्या सुरुवातीच्या तीन सेकंदांचे ती दोन भाग करते : पहिल्या दीड सेकंदात प्रतिसाद, पुढच्या दीड सेकंदात वेग. शिवाय धाव किती सरळ होती हे वेगळे मोजले जाते. बॅटवर चेंडू लागताक्षणी शरीर सोडण्याची सवय शॉर्टस्टॉपच्या अंगी आधीच असते, कारण त्याच्याकडे चेंडू येतो तेव्हा विचाराला सवडच नसते. त्याला नव्याने शिकायचे असते ते लांबचे अंतर, वारा, ऊन, भिंत आणि चेंडूची फिरकी. हे सारे शेकडो फटक्यांनंतर, म्हणजे रोजच्या सामन्यांतूनच येते. सरावाच्या जाळीत ते शिकवता येत नाही.

वयाची चाळणी

ट्राउटचा जन्म 7 ऑगस्ट 1991 चा, आणि या तारखेत बरेच काही दडलेले आहे. त्याच्या बालपणी अमेरिकेतल्या बहुतेक मुलांच्या बेसबॉल संघटना 1 ऑगस्टला वय मोजत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेला मुलगा त्यामुळे आपल्या गटात सर्वांत थोरला ठरे. जुलैत जन्मलेला त्याच गटातला मुलगा त्याच्याहून अकरा-बारा महिन्यांनी लहान. दहाव्या वर्षी हा फरक प्रचंड असतो. थोरला मुलगा जास्त ताकदवान दिसतो, त्याला महत्त्वाची जागा मिळते, जास्त चेंडू मिळतात. अमेरिकेत जन्मलेल्या मेजर लीग खेळाडूंत जुलैपेक्षा ऑगस्टमध्ये जन्मलेले कितीतरी अधिक भरतात. जुलैच्या मुलांवर होणारा हा सरळ अन्याय आहे.

शाळेचा हिशेब मात्र याच्या उलट. ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा वर्गात सर्वांत धाकटा असतो. म्हणून जून 2009 मध्ये शालेय शिक्षण संपवून ट्राउट ड्राफ्टला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेला, सामोरा गेला तेव्हा त्याला अठरावे वर्ष पूर्ण व्हायला दोन महिने होते. स्काउट त्याची तुलना साडेअठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांशी करत होते. रॅनी जझायर्ली यांनी 2011 मध्ये जुन्या ड्राफ्टांचा अभ्यास करून दाखवले, की शाळेतून निवडलेल्या खेळाडूंत वयाने लहान असलेले अपेक्षेपेक्षा सरस ठरतात. बाजार त्यांना कमी लेखतो. एकाच जन्मतारखेने ट्राउटला लहानपणी जास्त चेंडू मिळवून दिले आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर त्याची किंमत झाकून ठेवली.

मिलव्हिल ते ॲनाहाइम

न्यू जर्सीच्या दक्षिणेकडचे मिलव्हिल हे त्याचे गाव. वडील जेफ ट्राउट यांना 1983 मध्ये मिनेसोटा ट्विन्सने निवडले होते; गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची कारकीर्द मायनर लीगमध्येच संपली आणि ते इतिहासाचे शिक्षक व प्रशिक्षक झाले. मुलगा यांकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर याचा चाहता, म्हणून अर्थातच शॉर्टस्टॉप, शिवाय पिचर. शाळेच्या संघाकडून त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता संपूर्ण सामना टाकला आहे. शेवटच्या वर्षी तो आउटफिल्डमध्ये गेला आणि त्या हंगामात 18 होम रन मारून त्याने राज्यात विक्रम केला.

न्यू जर्सीत वसंत ऋतू थंड आणि हंगाम आखूड. फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियातला मुलगा स्काउटांना जितक्या वेळा दिसतो तितक्या वेळा इथला दिसत नाही. एंजल्सचे स्काउट ग्रेग मोरहार्ट यांचा विश्वास मात्र पक्का होता. ते मायनर लीगमध्ये जेफ यांच्याबरोबर खेळले होते. संघाकडे 24 वी आणि 25 वी अशा लागोपाठ दोन निवडी होत्या. 24 वी रँडल ग्रिचक, तोही आउटफिल्डरच. 25 वा ट्राउट. ही 25 वी निवड मुळात यांकीजची. त्यांनी एंजल्सच्या मार्क टेशेराला करारबद्ध केल्याची भरपाई म्हणून ती एंजल्सकडे आली होती. ही निवड करणारे स्काउटिंग प्रमुख एडी बेन यांना संघाने 2010 मध्येच दूर केले, ही गोष्ट मला आजही खटकते.

पुढचा टप्पा झरझर झाला. ॲरिझोना लीगमध्ये 0.360 ची सरासरी. 2010 मध्ये सीडर रॅपिड्स आणि रँचो कुकामोंगा हे मायनर संघ मिळून 0.341, सोबत 56 चोरलेले बेस. 2011 मध्ये आर्कान्सा. 8 जुलै 2011 रोजी, एकोणीस वर्षांचा असताना, त्याला मेजर लीगमध्ये, एंजल्सच्या ॲनाहाइमला, बोलावले गेले, कारण सेंटर फील्डर पीटर बोर्जोसचा स्नायू दुखावला होता. त्या वर्षी 40 सामन्यांत सरासरी 0.220. पुढच्या मोसमाची सुरुवात पुन्हा मायनरमध्ये, सॉल्ट लेकला. तिथे 20 सामन्यांत 0.403, आणि एप्रिल 2012 अखेर परत वर. त्या हंगामात 0.326, 30 होम रन, 49 बेस आणि एकमताने सर्वोत्तम नवोदिताचा मान. 27 जूनला बाल्टिमोरमध्ये जे. जे. हार्डीचा होम रन त्याने भिंतीवर झेपावून हिरावला. पहिले पाऊल, सरळ धाव आणि भिंतीचे भान यांचा याहून चांगला वस्तुपाठ नाही. 2014, 2016 आणि 2019 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2025 मध्ये दुखापती टाळण्यासाठी संघाने त्याला राइट फील्डकडे नेले, जेम्सच्या ओळीत सांगितल्याप्रमाणे.

पूर्वपक्ष

यावर आक्षेप येईल : असामान्य गुण कुठेही चमकलाच असता, व्यवस्थेला एवढे श्रेय कशाला? ट्राउटपुरता हा आक्षेप मी काही अंशी मान्य करतो. पण तोही 0.220 वर अडखळला, आणि सावरायला त्याला सॉल्ट लेकची जागा उपलब्ध होती. आरनला 1954 मध्ये जागा मिळाली ती बॉबी थॉमसनचा घोटा मोडल्यामुळे. गुण असलेला माणूस आणि रिकामी झालेली जागा यांची गाठ पडेपर्यंत त्याला कुठेतरी खेळत राहावे लागते, आणि ते 'कुठेतरी' म्हणजेच मायनर लीग. शिवाय सिद्धान्त तपासायचा तो मधल्या फळीवर, जिथे गुण उशिरा उघड होतात.

त्या फळीचे उदाहरण केव्हिन कियरमायर. 2010 च्या ड्राफ्टमध्ये तो 31 व्या फेरीत, 941 वा निवडला गेला. मायनरमध्ये काही वर्षे काढून तो टॅम्पा बेचा सेंटर फील्डर झाला आणि क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्याने चार वेळा मिळवला. त्या काळी ड्राफ्टला 50 फेऱ्या होत. 2021 मध्ये मेजर लीगने संलग्न मायनर संघ 160 वरून 120 वर आणले, आणि ड्राफ्ट आता 20 फेऱ्यांचा आहे. खर्च वाचवणारा हा निर्णय आउटफिल्डरांच्या दृष्टीने चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजच्या ड्राफ्टमध्ये 31 वी फेरी नाही.