धुळ्यातल्या फुकट जागेची गोष्ट

हल्ली पुण्यात कुठल्याही नव्या टाऊनशिपची जाहिरात बघा, 'कम्युनिटी' हा शब्द असतोच. क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक, पोहण्याचा तलाव... झाली कम्युनिटी! पण मंडळी, नवी वस्ती वसवायचा असाच प्रयोग आमच्या खानदेशात दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या साहेबाने १८१९ मध्ये जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळं निवडलं. का? तर मोक्याची मधली जागा, आणि पुण्याहून उत्तरेत जाणारा रस्ता इथूनच. पण गाव केवढं? घरं ४०१, माणसं २५०९!

मग साहेबाने बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांना बोलावणं धाडलं. या, जागा घ्या, भाडं कायमचं माफ. वर पक्कं घर बांधायला उचल. आणि गंमत म्हणजे ही उचल नव्यांसोबत जुन्या गावकऱ्यांनाही मिळाली. मला हीच खरी हुशारी वाटते. नव्यांचे लाड झाले की जुने फुरंगटतात, आणि वस्ती पहिल्याच दिवशी दुभंगते. १८७२ पर्यंत वस्ती बारा हजारांवर गेली.

आता दुसरी बाजू. बोलावणं व्यापाऱ्यांना होतं. डोंगरातल्या भिल्लांवर मात्र त्याच वर्षांत फौजा गेल्या. पुढे १८२५ मध्ये औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली, म्हणजे त्यांना जागा मिळाली ती शिपाई म्हणून. कोणाला बोलवायचं हे ठरवताना कोणाला नाही हेही ठरतंच.

आणि फुकट जागेने माणसं येतात, आपलेपणा येत नाही. तो धुळ्यात नंतर आला, आणि लोकांनी आणला. १८९३ मध्ये शंकरराव देवांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली, रामदासी बाडं जमवली. इतिहासाचार्य राजवाडे मूळचे धुळ्याचे नव्हेत. १९२६ मध्ये ते तिथे वारले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. बाहेरून आलेल्या माणसाचे कागद धुळ्याने घरच्यासारखे जपले.

बाकी नावात काय आहे? धुळेकर आजही पत्ता सांगतो तो 'गल्ली नंबर चार' असा. एखाद्या सर्व्हरला द्यावं तसं रुक्ष नाव! तरी तेवढ्यावर दोन धुळेकर परगावी भेटले की तासभर गप्पा मारतात. जागा साहेबाने दिली, आकडाही कोणीतरी दिला. त्यात जीव ओतला तो राहणाऱ्यांनी.