अन्ननलिकेचा कर्करोग : दुर्बिणीतून लसिका ग्रंथी कशा काढतात?

अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत फक्त गाठ काढून भागत नाही. अन्ननलिकेचा बराचसा भाग, जठराचा वरचा भाग आणि त्यांच्या भोवतालच्या लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, काढावे लागतात. ग्रंथी काढण्याच्या या टप्प्याला लिम्फॅडेनेक्टमी म्हणतात. पूर्वी त्यासाठी छाती आणि पोट मोठा छेद देऊन उघडत असत. आता अनेक रुग्णालयांत हेच काम लहान छिद्रांतून दुर्बीण घालून केले जाते.

ग्रंथी का काढाव्या लागतात?

शरीरभर पसरलेल्या बारीक लसिकानलिकांच्या वाटेवर या ग्रंथी गाळणीसारख्या बसलेल्या असतात. कर्करोगाच्या पेशी या वाटेने पसरतात आणि ग्रंथींत अडकून वाढू लागतात. प्रौढ माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. ती मानेतून निघून छातीमार्गे पोटात उतरते. तिच्या आतल्या अस्तराखालील लसिकानलिका मुख्यतः उभ्या दिशेने वर-खाली जातात. त्यामुळे गाठ छातीच्या मध्यावर असली तरी तिच्या पेशी मानेतल्या किंवा जठराजवळच्या ग्रंथींत सापडू शकतात.

काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. एकाही ग्रंथीत कर्करोग नसेल तर अहवालात ‘एन ०’ लिहितात. १ ते २ ग्रंथी बाधित असतील तर ‘एन १’, ३ ते ६ असतील तर ‘एन २’ आणि ७ किंवा अधिक असतील तर ‘एन ३’. पुढचे उपचार ठरवताना या आकड्याला मोठे महत्त्व असते. ग्रंथी फारच थोड्या काढल्या तर आजार आत राहून जाण्याचा धोका असतोच, शिवाय त्याची अवस्थाही प्रत्यक्षापेक्षा सौम्य भासू शकते.

छाती आणि पोटातील ग्रंथी काढल्या तर त्याला ‘दोन क्षेत्रांची’ शस्त्रक्रिया म्हणतात. मानेतल्या ग्रंथीही काढल्या तर ती ‘तीन क्षेत्रांची’ होते. शांघायमध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत तिसऱ्या क्षेत्रामुळे आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. त्यामुळे मानेतल्या ग्रंथी काढाव्यात की नाही, हे गाठीची जागा आणि तपासण्या पाहून ठरवले जाते.

शस्त्रक्रिया कशी होते?

छातीतील दुर्बिणीने अन्ननलिका मोकळी करण्याचे तंत्र १९९२ मध्ये स्कॉटलंडमधील सर्जन अल्फ्रेड कुस्किएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. रुग्णाला पालथे झोपवून ही शस्त्रक्रिया करण्याच्या पद्धतीचा अनुभव कोइम्बतूरच्या डॉ. सी. पलानिवेलू यांच्या गटाने २००६ मध्ये १३० रुग्णांच्या आधारे प्रसिद्ध केला. पालथ्या स्थितीत फुप्फुस स्वतःच्या वजनाने पुढे झुकते आणि रक्तही काम चाललेल्या जागी साचत नाही. अनेक सर्जन रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवूनही ही शस्त्रक्रिया करतात.

बरगड्यांच्या मधल्या छिद्रांतून कॅमेरा आणि लांब अवजारे आत जातात. श्वासनलिका, महाधमनी आणि हृदयाचे आवरण यांच्यालगतच्या ग्रंथी भोवतालच्या चरबीसह सोडवल्या जातात. मग रुग्णाला उताणे करून पोटातून जठराकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांजवळच्या ग्रंथी काढतात. शेवटी जठराची नळी करून ती वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला छातीत किंवा मानेत जोडतात.

सर्वांत नाजूक जागा

स्वरयंत्राला हालचाल देणाऱ्या दोन नसा छातीच्या वरच्या भागातून मानेकडे जातात. डावी नस महाधमनीच्या कमानीखालून वळते, तर उजवी नस उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून. या नसांना चिकटूनच असलेल्या ग्रंथींत कर्करोग बऱ्याचदा सापडतो, म्हणून त्या सोडून देता येत नाहीत. मात्र नस ताणली किंवा भाजली गेली तर आवाज बसतो, गिळताना ठसका लागतो आणि अन्नपाणी श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. दुर्बिणीत हा भाग मोठा आणि स्पष्ट दिसतो, हा या पद्धतीचा महत्त्वाचा फायदा आहे. तरीही नसेला इजा होण्याची शक्यता पूर्णपणे टळत नाही.

पुरावा काय सांगतो?

युरोपात ११५ रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या शस्त्रक्रियेत २९ टक्के रुग्णांना झाला, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ९ टक्क्यांना. काढलेल्या ग्रंथींची मध्यक संख्या अनुक्रमे २१ आणि २० होती. म्हणजे छेद लहान असला तरी ग्रंथी कमी निघाल्या नाहीत. तीन वर्षांनंतरच्या आयुर्मानातही लक्षणीय फरक आढळला नाही.

मर्यादा आणि तयारी

बाहेरचे छेद लहान असले तरी आतली शस्त्रक्रिया तितकीच मोठी असते. जोड गळणे, छातीतील मुख्य लसिकावाहिनीतून द्रव झिरपणे असे धोके दोन्ही पद्धतींत राहतात. हे तंत्र शिकायला सर्जनला वेळ लागतो, म्हणून अशा शस्त्रक्रिया नियमित होणारे केंद्र निवडणे हिताचे असते. अडचण आल्यास छाती उघडावी लागते. तो सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो, अपयश नव्हे.

कर्करोग फक्त सर्वांत वरच्या अस्तरात असेल तर ग्रंथी बाधित होण्याची शक्यता फार कमी असते. अशा वेळी तोंडातून घातलेल्या एंडोस्कोपने तेवढाच भाग काढता येतो. गाठ वाढलेली असेल तर अनेकदा आधी केमोथेरपी, किंवा तिच्या जोडीला रेडिएशन देतात. रेडिएशननंतर सापडणाऱ्या ग्रंथींची संख्या कमी होऊ शकते. त्यामुळे केवळ कमी आकड्यावरून शस्त्रक्रिया अपुरी झाली असे म्हणता येत नाही.

तंबाखू आणि धूम्रपान पूर्ण बंद करणे, श्वसनाचे व्यायाम करणे आणि घटलेले वजन सावरणे ही तयारी रुग्णाच्या हातात असते. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारावेत : किती क्षेत्रांतील ग्रंथी काढणार? जोड कुठे देणार? आवाजाच्या नसेला किती धोका आहे? नंतर अहवाल हातात आला की त्यात तपासलेल्या आणि बाधित ग्रंथी, असे दोन्ही आकडे पाहावेत.