पाणबुड्यांचे नियम कोणी घडविले?

आपल्यापैकी पुष्कळ मंडळी सुटीत मालवण-तारकर्लीला जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात, पाठीवर हवेची टाकी बांधून, प्रवाळ आणि मासे पाहून येतात. बुडी मारण्यापूर्वी शिक्षक दोन गोष्टी बजावतो : श्वास कोंडू नका, आणि घाईने वर येऊ नका. ह्या दोन वाक्यांचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. युनियनच्या कचेरीत रात्री जे वाचले, त्यात हा इतिहास सापडला. तो मजुरांच्या देहावर लिहिलेला आहे.

दहा मीटर पाण्याखाली दाब दुप्पट होतो. तेथे छातीत भरलेली हवा कोंडून वर आले, तर ती दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटते. दुसरा धोका अधिक कपटी. दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तमांसात विरघळतो. माणूस सावकाश वर आला, तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला, तर सोड्याच्या बाटलीची गोटी दाबताच उठावेत तसे अंगात बुडबुडे उठतात. सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी प्राण जातो.

हा विकार जगाच्या नजरेत भरला तो पुलांच्या पायांत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलासाठी नदीच्या तळाशी प्रचंड पेट्या उपड्या ठेवून, त्यांत दाबाखालची हवा भरून, मजूर आत खणीत. न्यूयॉर्कच्या बाजूला ते 78 फुटांपर्यंत उतरले. डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी शंभरावर रोगी नोंदविले, तिघे दगावले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः पंगू झाला. मे 1872 मध्ये मजुरांनी वाढीव मजुरीसाठी संप केला. ज्या कामात देह झिजतो, त्याची किंमत त्यांनी मागितली. त्यात वावगे काय होते?

पुढे हडसन नदीखालच्या बोगद्यात पन्नासेक मजुरांपैकी दरमहा एक मरत होता. अर्नेस्ट मॉयर ह्या अभियंत्याने 1890 च्या सुमारास तेथे एक लोखंडी कोठी बसविली. आजारी मजुराला तीत घालून पुन्हा दाब द्यावयाचा आणि तो हळूहळू उतरवावयाचा, एवढीच युक्ती. त्यानंतरच्या पंधरा महिन्यांत, सुमारे 120 माणसांत, दोघेच दगावले. एका कोठीने माणसे वाचत होती. ती आधी बसविली गेली नव्हती, एवढेच.

कारण मात्र पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 मध्येच उलगडले होते. इंग्लंडात जॉन हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके छापली. 1943 मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरचे श्वसनयंत्र सिद्ध केले, तेव्हा सुरक्षिततेचे गणित आधीच तयार होते. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर आजही एक नाच नाचतात. त्यात पुढारी नाचणारा काठी टेकीत, थरथरत्या पायांनी चालतो. समुद्रातून स्पंज काढताना लुळे झालेल्या पाणबुड्यांची ती आठवण आहे.

मालवणच्या धक्क्यावर उभे असता आमच्या मनात हेच घोळत होते. पर्यटक एकदा बुडी मारून फोटो काढून घरी जातो. त्याचा हात धरणारा मच्छीमाराचा मुलगा मात्र दिवसभर खाली-वर करतो. तेथील पाणी उथळ, म्हणून धोका कमी. पण एका बुडीचा उरलेला नायट्रोजन पुढच्या बुडीच्या हिशेबात धरावा लागतो, आणि वर येताना फुप्फुसावरचा ताण दर खेपेस नवा असतो. म्हणून पुढल्या वेळी तुम्ही तेथे जाल, तेव्हा शिक्षकाला एवढेच विचारा : बाबा रे, आज तुझी ही कितवी बुडी? आणि ती वहीत कोणी लिहिली का?