आयर्लंडमधील पदवीचे पहिले वर्ष

आयर्लंडच्या विद्यापीठांतील पदवी शिक्षणाचा पायाभरणीचा टप्पा. शालान्त पातळीवरील ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ परीक्षेनंतर तो सुरू होतो. येथे इतिहास, विद्यार्थी नेतृत्व आणि माहिती तंत्रज्ञान या तीन अंगांपुरताच विचार केला आहे.

प्रवेश १९७६ मध्ये स्थापन झालेल्या, गॉलवे येथील ‘सेंट्रल ॲप्लिकेशन्स ऑफिस’मार्फत होतात. सर्वोत्तम सहा विषयांचे जास्तीत जास्त ६०० गुण धरतात; वरच्या स्तराचे गणित उत्तीर्ण करणाऱ्याला २०१२ पासून आणखी २५ मिळतात. वर्षाला ६० श्रेयांक असतात. विषय लवकर पक्का न करण्याची मुभा ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू. मेनूथ विद्यापीठाच्या कला शाखेत पहिल्या वर्षी तीन-चार विषय घेऊन पाहता येतात, तर युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये २००५ पासून आपल्या शाखेबाहेरचे विषयही निवडता येतात.

इतिहास : शाळेत वरच्या वर्गांना इतिहास सक्तीचा नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या वर्गात तो मनापासून शिकून आलेले आणि पंधराव्या वर्षीच सोडून दिलेले, दोन्ही प्रकारचे विद्यार्थी शेजारी बसतात. म्हणून सुरुवात सनावळ्यांपासून न करता साधनांपासून करणे हिताचे ठरते : कागद कोणी लिहिला, कशासाठी, आणि त्यात काय आलेले नाही.

या प्रश्नांना आयर्लंडमध्ये वेगळे वजन आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच लढाईत, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ इमारतीतील सरकारी दप्तरखाना आग आणि स्फोटात नष्ट झाला. सुमारे सात शतकांचे कागद गेले. पुण्याचे पेशवे दप्तर एका दुपारी जळून जावे, तशी ही हानी. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक तक्ते त्यात गेले. १८६१ ते १८९१ चे तर त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट केले गेले होते. संपूर्ण स्वरूपात उरलेल्या सर्वांत जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या. राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांचे तक्ते संगणकावर सर्वांना मोफत खुले केले आहेत.

यातला १९११ चा एकच तक्ता नवख्या विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवतो. कुटुंबप्रमुखाने तो बहुधा स्वतःच्या हाताने भरून सही केलेली असते. नाव, धर्म, लिहिता-वाचता येते का, आयरिश भाषा येते का, अशी सदरे त्यात असतात. शिवाय विवाहितेसाठी सदरे आहेत : लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जन्मली, किती हयात आहेत. ‘जन्मली’ आणि ‘हयात’ या दोन आकड्यांमधले अंतर वाचले की गरिबी आणि बालमृत्यू यांवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. मताधिकार मागणाऱ्या काही स्त्रियांनी या गणनेवर बहिष्कार घातला होता. म्हणजे नाव नसणे हाही पुरावाच.

माहिती तंत्रज्ञान : लीव्हिंग सर्टिफिकेटसाठी संगणकशास्त्र हा विषय २०१८ मध्ये चाळीस शाळांत सुरू झाला. साहजिकच महाविद्यालयात प्रोग्रॅमिंग बहुधा मुळापासून शिकवतात. त्यात भेटणारे ‘खरे-खोटे’चे बीजगणित मात्र इथलेच म्हणता येईल. चांभाराचा मुलगा, कोणतीही पदवी न घेतलेला जॉर्ज बूल १८४९ मध्ये कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा पहिला प्राध्यापक झाला आणि तिथे असतानाच १८५४ मध्ये त्याचा विचारांच्या नियमांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची पत्नी मेरी ही भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी.

इतिहास आणि संगणक हे विषय इथे एकमेकांपासून दूर ठेवणे चुकीचे होईल. जळालेल्या दप्तराच्या इतरत्र सापडलेल्या नकला, उतारे आणि याद्या जुळवून ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हे आभासी दप्तर जून २०२२ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, खुले झाले. इतिहाससंशोधक राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद जमवले, त्याच जातीचे हे काम आहे आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते घरबसल्या हाताळता येते.

विद्यार्थी नेतृत्व : याचे शिक्षण मुख्यतः सभा-मंडळांतून मिळते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील ‘हिस्टॉरिकल सोसायटी’ १७७० ची. एडमंड बर्कने १७४७ मध्ये काढलेले वादमंडळ तिचे पूर्वज. वुल्फ टोन आणि रॉबर्ट एमेट हे क्रांतिकारक तिथेच बोलायला शिकले. कॉलेजने १९०४ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला, पण या सोसायटीने १९६९ पर्यंत त्यांना सभासद करून घेतले नाही, हा डाग तिच्या कीर्तीसोबत नोंदवायलाच हवा. विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना १९५९ ची आहे. निवडून आलेले पूर्णवेळ पदाधिकारी वर्षभर अभ्यास थांबवून मानधनावर काम करतात. अध्यापनाच्या दर्जाविषयी विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकले जावे, यासाठी २०१६ पासून वर्गप्रतिनिधींना रीतसर प्रशिक्षणही मिळते.

मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते असलेले लिओ वराडकर ट्रिनिटीत आधी कायद्याला गेले, मग वैद्यकशास्त्राकडे वळले. विद्यार्थी असतानाच, विसाव्या वर्षी, त्यांनी १९९९ ची स्थानिक निवडणूक लढवली आणि ते हरले. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले.

महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात दाखल होतात. पहिल्या वर्षाशी गाठ पडते ती तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांची. उत्तीर्ण होण्यास साधारणपणे ४० आणि प्रथम श्रेणीस ७० टक्के लागतात. त्यामुळे नव्वदीच्या गुणांची सवय असलेल्या आईवडिलांनी ६५ गुणांचा निबंध पाहून काळजी करू नये. तो चांगला निबंध असतो.