उष्ण कटिबंधातील मासेमारी : रॉड आणि रीळ कसे निवडावे?

कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि कन्नड तालुक्यातील पिशोर विसाव्या अंशाच्या आसपास. त्यामुळे पिशोरच्या माणसाने अंजना-पळशी प्रकल्पाच्या काठावर गळ टाकला तरी ती उष्ण कटिबंधातलीच मासेमारी होते. मात्र ‘ट्रॉपिकल’ असा शिक्का मारून विकला जाणारा जाडजूड, महाग संच बहुधा समुद्रातील मोठ्या माशांसाठी असतो. जलाशयावर तो जड पडतो. उलट जलाशयावरचा हलका संच घेऊन कोणी कोकणच्या खाडीत गेले, तर पहिल्याच चांगल्या माशाला दोरी तुटते. म्हणून खरेदी रॉडपासून सुरू करू नये. आधी मासा ठरवावा, माशावरून दोरी, दोरीवरून रॉड आणि शेवटी रीळ.

मासा आणि पाणी

गोड्या पाण्यातील कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतात. त्यांचे तोंड मऊ असते, त्यामुळे मधून वाकणारा, झटका सोसणारा रॉड लागतो. सात ते नऊ फूट लांबी, १० ते १५ पौंडांचा तंगूस आणि २५०० किंवा ३००० क्रमांकाचे स्पिनिंग रीळ एवढ्यावर काम भागते. मरळ मात्र पाणवनस्पतीत दडून बसते. गळाला लागताच ती झुडपात शिरते आणि तिथून ओढून काढावी लागते. तिच्यासाठी रॉड आखूड आणि ताठ हवा, दोरी ३० पौंडांच्या आसपासची विणलेली हवी.

पिशोरहून समुद्र सरळ रेषेतही अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या खाड्यांतला जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, हा वेगळाच प्रकार. त्याचे तोंड खरखरीत आणि कल्ल्याची कडा धारदार असते. मुख्य दोरी २० ते ३० पौंडांची विणलेली असली, तरी शेवटी हातभर ४० ते ६० पौंडांचा जाड नायलॉन तुकडा, म्हणजेच लीडर, बांधावाच लागतो. रीळ ४००० किंवा ५००० क्रमांकाचे. सुरमईसाठी लीडर तारेचा असावा, कारण तिचे दात नायलॉन सहज कापतात. (जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून फार मोठा जिताडा सोडून देण्यात शहाणपण आहे.)

अंदमानात जायंट ट्रेव्हलीच्या मागे जाणाऱ्यांचा संच तिसऱ्याच मापाचा असतो : साडेसात-आठ फुटांचा जाड रॉड, ८० पौंडांची किंवा त्याहून भक्कम विणलेली दोरी आणि १४००० ते १८००० क्रमांकाचे रीळ. एकाच सहलीसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा तिथल्या बोटवाल्याकडे संच भाड्याने मिळतो का, हे आधी विचारावे.

आकडे कसे वाचावेत

रॉडच्या मुठीजवळ दोन मापे छापलेली असतात. एक दोरीच्या ताकदीचे, दुसरे फेकायच्या वजनाचे. संच जुळतो की नाही हे त्यांवरून कळते. रिळाचा क्रमांक मात्र फसवा आहे, कारण तो प्रत्येक कंपनीचा स्वतःचा असतो. एकीचे ४००० दुसरीच्या ५००० एवढे असू शकते. त्यापेक्षा रिळावर कोणत्या जाडीची किती मीटर दोरी बसते आणि ड्रॅग किती किलोचा आहे, हे पाहावे.

ड्रॅग म्हणजे रिळातला ब्रेक. मासा ठरावीक जोराने ओढू लागला की तो दोरी सुटू देतो. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ड्रॅग लावावा. १५ पौंड म्हणजे सुमारे ६.८ किलो, तेव्हा ड्रॅग १.७ ते २.२ किलोंच्या दरम्यान येईल. तो मोजायला घरचा ताणकाटा पुरतो. दोरीच्या टोकाला काटा अडकवून ओढावे आणि रीळ फिरू लागते तेव्हाचा आकडा पाहावा. अंदाजाने घट्ट केलेल्या ड्रॅगमुळे मासा सुटला की दोष उगाच दोरीला दिला जातो.

कार्बनचा रॉड आणि वीज

हलके म्हणून कार्बनचे, म्हणजे ग्राफाइटचे रॉड लोकप्रिय आहेत. पण कार्बन विजेचा वाहक आहे. मराठवाड्यात बांधावरून, शेतातून जाणाऱ्या तारांखाली असा रॉड उभा धरणे जिवावर बेतू शकते. ओली दोरीही सुरक्षित नाही. मे-जूनमधले वळीव आणि परतीचा पाऊस विजा घेऊन येतात. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर जावे, शक्यतो पक्क्या इमारतीत थांबावे. फायबरग्लासचा रॉड जड असतो, पण स्वस्त असतो, आपटला तरी सहसा टिकतो आणि स्वतः वीज वाहून नेत नाही. नवशिक्याने आणि मुलांसाठी तोच घ्यावा. अर्थात तारा आणि गडगडाट यांपासून दूर राहण्याचा नियम त्यालाही लागू आहेच.

प्रवास आणि निगा

एसटीने जायचे तर नऊ फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड साडेचार फुटांचा राहतो आणि गर्दीत टोक मोडते. तीन-चार तुकड्यांचा प्रवासी रॉड बरा. शेती साहित्याच्या दुकानात मिळणारा पीव्हीसी पाइप कापून दोन्ही टोकांना झाकणे बसवली, की चांगली पेटी तयार होते. विमानाने जाताना गळ हातातल्या पिशवीत नव्हे, तर जमा करायच्या सामानात ठेवावेत. उन्हात बंद गाडीत नायलॉनची दोरी ठेवू नये. ऊन आणि उष्णता यांनी ती कमकुवत होते.

खाऱ्या पाण्यावरून परतल्यावर ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या शिडकाव्याने धुवावे आणि सावलीत वाळवावे. बादलीत बुडवू नये, जोराची धारही मारू नये. त्याने मीठ आणखी आत जाते. वाळल्यावर ड्रॅग पुन्हा सैल करावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात.

निघण्यापूर्वी तारखाही पाहाव्यात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. आणि राज्यातल्या अनेक जलाशयांची मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, त्यामुळे गावाजवळच्या तलावावरही गळ टाकण्याआधी संस्थेला विचारावे लागते.