दिनविशेष : १ नोव्हेंबर १९५६
या दिवशी राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्य संपले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. नकाशा बदलला, हे सर्वांना आठवते. त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याची आठवण मात्र कमी निघते. त्याआधी मराठवाड्यातल्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर हैदराबादची वाट धरावी लागे.

पाणचक्कीजवळच्या या महाविद्यालयाच्या रुग्णालयाला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. जालना, बीडच नव्हे, तर बुलढाणा, जळगावचा रुग्णही ‘घाटीत नेलंय’ एवढेच सांगतो. इथे शिकलेले अनेक डॉक्टर याच शहरात स्थिरावले, दवाखाने वाढले. १९८९ मध्ये तरुण डॉक्टरांच्या पुढाकाराने डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे राहिले. म्हणूनच या शहराची ओळख सांगताना लेणी आणि कारखान्यांवरच थांबणे अपुरे आहे. अंबाजोगाई, नांदेडला पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली, तरी घाटीवरचा भार हलका झालेला नाही. २०१२ पासून शहरात शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे.