पक्षाघाताची राष्ट्रीय नोंदवही आणि तिचे विश्वस्त

पक्षाघाताचा झटका आलेला रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तेव्हा अनेकदा त्याची वाचा गेलेली असते, शुद्ध हरपलेली असते किंवा उजवा हात लुळा पडल्याने सही करणेही त्याला शक्य नसते. अशा रुग्णाच्या उपचारांची माहिती राष्ट्रीय पातळीवरील नोंदवहीत घ्यायची, तर परवानगी कोणाकडून घ्यावी? आणि ती न घेता माहिती नोंदवली, तर तिचा गैरवापर होणार नाही याची हमी कोणी द्यावी? पक्षाघाताच्या नोंदवह्या चालवणाऱ्या प्रत्येक देशाला या प्रश्नांचे उत्तर शोधावे लागले आहे. ते उत्तर संगणकाच्या प्रणालीत नसून नोंदवहीचा कारभार पाहणाऱ्या माणसांत आहे.

कॅनडाचा धडा

संमतीचा आग्रह किती महाग पडू शकतो, हे कॅनडात दिसून आले. तेथील 'कॅनेडियन स्ट्रोक नेटवर्क'च्या नोंदवहीत प्रारंभी प्रत्येक रुग्णाची किंवा नातेवाइकांची लेखी संमती घेतली जात असे. २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या टप्प्यात सुमारे ३९ टक्के आणि दुसऱ्या टप्प्यात सुमारे ५१ टक्के रुग्णच नोंदवहीत येऊ शकले होते. त्याहून गंभीर बाब पुढे होती. नोंदल्या गेलेल्या रुग्णांमध्ये रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ६.९ टक्के होते, तर न नोंदल्या गेलेल्यांमध्ये ते २१.७ टक्के होते. ज्यांना उपचारांची सर्वाधिक गरज होती, नेमके तेच रुग्ण नोंदवहीतून निसटले होते. अशा आकड्यांवर विसंबून धोरण आखले असते, तर पक्षाघात हा प्रत्यक्षापेक्षा पुष्कळच सौम्य आजार भासला असता. ओंटारिओ प्रांताने त्यानंतर कायद्याच्या आधारे या नोंदवहीला वैयक्तिक संमतीशिवाय माहिती घेण्याची मुभा दिली.

ऑस्ट्रेलियाची रचना

'ऑस्ट्रेलियन स्ट्रोक क्लिनिकल रजिस्ट्री' २००९ मध्ये सुरू झाली, ती हा अनुभव गाठीशी असताना. या नोंदवहीत पात्र रुग्णाचे नाव आपोआप समाविष्ट होते. रुग्णाला माहितीपत्रक दिले जाते आणि इच्छा नसल्यास संपूर्ण माहिती किंवा तिचा काही भाग वगळून घेण्याचा हक्क त्याला असतो. रुग्णालयातच मृत्यू पावलेल्यांची नोंदही नीतिविषयक समित्यांच्या मान्यतेने ठेवली जाते.

रुग्ण पक्षाघातासाठीच्या विशेष कक्षात दाखल झाला का, गुठळी विरघळवणारे औषध त्याला मिळाले का, घरी जाताना रक्तदाबावरील औषधे आणि पुढील काळजीचा आराखडा दिला गेला का, अशा बाबी नोंदवल्या जातात. झटक्यानंतर तीन ते सहा महिन्यांच्या काळात रुग्णाशी पुन्हा संपर्क साधला जातो. तो घरी राहतो की शुश्रूषागृहात, पुन्हा झटका आला का, जगण्याची गुणवत्ता कशी आहे, हे विचारले जाते. रुग्णालयाच्या दप्तरात सहसा न सापडणारी ही माहिती आहे.

कारभाराची विभागणी

या नोंदवहीची सूत्रे एका हाती नाहीत. माहितीचा ताबा मेलबर्न येथील फ्लोरी संस्थेकडे आहे. धोरण ठरवण्याचे काम सुकाणू समिती करते, तर दैनंदिन कारभार व्यवस्थापन समिती पाहते. संशोधकांना माहिती द्यायची की नाही, याची छाननी करणारा गट वेगळा आहे. संशोधकाला नीतिविषयक समितीची मान्यता दाखवावी लागते आणि रुग्णाची ओळख उघड होणार नाही, अशाच स्वरूपात माहिती दिली जाते.

समित्यांची घटनाही विचारपूर्वक केलेली आहे. मज्जातंतुतज्ज्ञांबरोबर परिचारिका, पुनर्वसन क्षेत्रातील तज्ज्ञ, साथरोगशास्त्राचे अभ्यासक आणि पक्षाघात अनुभवलेल्या नागरिकांचे प्रतिनिधी यांना त्यांत स्थान असते. प्रत्येकाची नजर वेगळी असते. डॉक्टरला औषध किती मिनिटांत दिले हे महत्त्वाचे वाटते, तर रुग्णाला सहा महिन्यांनी स्वतःच्या हाताने जेवता येते की नाही हे. नोंदवहीत कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवताना दोन्ही आवाज टेबलाभोवती असावे लागतात.

एक अडचण मात्र उरते. ज्या रुग्णालयांच्या कामाचे मोजमाप होते, तेथील तज्ज्ञच बहुधा समितीवर असतात. त्यांच्याविना आकड्यांचा अर्थ लागत नाही आणि केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवली तर आकड्यांवर लोकांचा विश्वास बसत नाही. त्यावरचा एक उतारा म्हणजे जाहीर प्रसिद्धी. स्वीडनची 'रिक्सस्ट्रोक' ही नोंदवही १९९४ मध्ये सुरू झाली. तिच्या वार्षिक अहवालात रुग्णालयांची कामगिरी नावानिशी छापली जाते. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये २०१३ पासून रुग्णालयांना 'ए' ते 'ई' अशा श्रेणी देऊन त्या जाहीर केल्या जाऊ लागल्या.

भारतातील स्थिती

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बेंगळुरू येथील राष्ट्रीय रोगमाहिती व संशोधन केंद्राने पक्षाघाताच्या नोंदणीचे काम हाती घेतले आहे. रुग्णालयांमधील नोंदीबरोबर वाराणसी, कोटा, कटक अशा ठिकाणी लोकसंख्येवर आधारित नोंदवह्याही उभ्या राहिल्या. कर्करोगाची राष्ट्रीय नोंदणी देशात १९८१ पासून होत असल्याने त्या अनुभवाचा पाया उपलब्ध होता. महाराष्ट्रापुरते पाहायचे, तर डॉ. पी. एम. दलाल यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत २००५-०६ मध्ये सुमारे दीड लाख लोकवस्तीत पक्षाघाताची पद्धतशीर नोंद करण्यात आली होती.

आपल्याकडे बरेच रुग्ण खासगी रुग्णालयांत उपचार घेतात आणि काही जण रुग्णालयात पोहोचण्याआधीच दगावतात. त्यामुळे कॅनडाचा धडा येथे अधिकच लागू पडतो. सर्वांची नोंद हवी असेल, तर प्रत्येकाला विचारून ती होणार नाही. आणि न विचारता ती करायची असेल, तर करणाऱ्यांना उत्तरदायी राहावे लागेल. समितीवर कोण आहे, माहिती कोणाला दिली जाते, निष्कर्ष केव्हा प्रसिद्ध होतात आणि रुग्णाची बाजू तेथे कोण मांडतो, हे नागरिकांना कळले पाहिजे. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांनी लोकांना आपल्या कामाचा हिशेब दिलाच पाहिजे.